सरकवलेला खांब

सिंदेवाहीजवळच्या त्या शिवारात जमिनीखालून गॅसची वाहिनी गेली होती. ती तपासणे हे अदीबाचे काम. हातातले शोधयंत्र सांभाळत ती धानाच्या बांधीतून चालली होती. वाहिनीची खूण सांगणारा पिवळा खांब गुणवंतरावांच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर ताठ उभा होता. यंत्राचा आवाज मात्र तिला शेजारच्या कमळाबाईंच्या बांधीकडे नेत होता. आणि तिथे जेसीबी शेततळे खोदत होता.

“थांबवा! मशीन बंद करा!” ओरडत अदीबा धावली.

चालक बिरजूने इंजिन बंद केले. बकेटच्या दातांत पिवळी पट्टी लोंबत होती. पुढे धोका आहे हे कळावे म्हणून ती वाहिनीच्या वरच पुरलेली असते.

“काऊन थांबवलं वं पोरी?” कमळाबाई तावातावाने आल्या. “बोडी खोदून राह्यली मी. बोडी नसली त धानाले पाणी कुठून आणू? जेसीबी आज कसाबसा भेटला. आन् तुमचा खांब त तिकडं हाये!”

“खांब तिकडं हाये, बाई. पाईप इथी हाये.”

गलका ऐकून आलेल्या गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

“माह्या बांधीत चिखलणीच्या वक्ती ट्रॅक्टरले आडवा येत होता. म्हणून धुऱ्यावर नेऊन गाडला. सरकारी वस्तू मोडाले नाई पाह्यजे ना! रंगबी मारला मी त्याले.”

“देव हाये का तो भाऊ, कुठीबी मांडाले?” बिरजू हसला.

अदीबाने खड्ड्यात गॅसमापक धरला. आकडा शून्य. तिने फोनवर कळवताच कंपनीचा अभियंता आला. माती हातांनी उकरून त्याने वाहिनीचे आवरण पाहिले, ओरखडाही नव्हता. हा खड्डा मात्र बुजवावाच लागणार होता.

“म्हणजे यंदाबी बोडी नाई,” कमळाबाई धुऱ्यावर बसल्या.

अदीबाचे काम खरे तर संपले होते. तरी तिने विचारले, “बांधीत पाणी कुठी साचते, बाई?”

“खालच्या कोपऱ्यात. पण तिथी माही लाखोरीची डाळ चांगली होते.”

अदीबाने साऱ्या बांधीतून वाहिनीचा माग काढत चुन्याची रेघ ओढली. अभियंत्याने रेघेपासून अंतर मोजले. खालचा कोपरा धोक्याबाहेर होता.

“लाखोरी दुसरीकडं टाकीन,” कमळाबाई उठल्या. “चाल रे बिरजू, तिथी लाव मशीन.”

गुणवंतरावांनी खांब उपटून खांद्यावर आणला आणि अदीबाने दाखवलेल्या जागी स्वतः गाडला.

“येत्या चिखलणीले पुन्हा आडवा आला त?”

“मले फोन करा, भाऊ. ट्रॅक्टर वळवता येते, पाईप नाई.”

“आन् रंग मारता मारता घरी नोका नेऊ त्याले!” कोपऱ्यातून कमळाबाई ओरडल्या.

त्यांच्या पायांशी बकेटने पहिली माती टाकली. ऐन उन्हाळ्यातही ती ओलसर होती.