वाऱ्यासारखी चालणारी आई

बाळ नुकतंच झोपलं होतं. पाळण्यापासून चोरपावलांनी मागे सरकत होते, तोच टेबलाखाली काहीतरी घुर्र घुर्र करून थांबलं. वाकून पाहिलं, तर माझी चार वर्षांची थोरली, आणि तिच्या मनगटावर आजीचा पावलं मोजणारा पट्टा.

"आजीनेच दिलाय," ती कुजबुजली. "मी भरपूर उड्या मारल्या की तू आजीवर खूश होतेस ना?"

होते. रोज संध्याकाळी आकडा बघून शाबासकी द्यायचे. आमच्याकडे राहायला आलेल्या आईच्या पायांत रक्त खेळतं राहावं, म्हणून तो पट्टा मीच बांधलेला. परवा तर डॉक्टरांपुढे कॉलर ताठ करून सांगितलं, "आमची आई वाऱ्यासारखी चालते हो!" मोबाईलवर वाचून वाचून घरच्या घरी डॉक्टरीण झालेय ना मी!

आई खुर्चीत पोटरी चोळत बसली होती. आयुष्यभर पार्लरमध्ये उभं राहून बायकांचे केस कापलेली बाई. चोरी पकडली गेली की अजूनही समोरच्याच्या केसांकडे बघते.

"टोकं फाटलीत गं तुझी."

"आई, विषय बदलू नकोस."

"चाललं की पोटरी आवळून येते. जरा थांबलं की बरं वाटतं. म्हणून त्या चपलांच्या दुकानापुढे उभी राहते, काचेत बघत. दुकानदार बिचारा रोज बाहेर येतो, 'या ना मावशी' म्हणत. किती दिवस नुसत्या चपला बघू? जायचंच सोडलं."

"मग सांगायचं नाही का?"

"आकडा बघून तू इतकी हरखायचीस! दोन लेकरांच्या रगाड्यात तुला हसायला दुसरं आहे काय?"

मी तिचा मोजा उतरवला. पाऊल गारठलेलं. टाचेजवळ एक जखम, न भरलेली. रोज आकडा बघणाऱ्या मला पाय बघायचं सुचलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन लावला आणि वाऱ्यासारखी चालणारी आई निमूट परत घेतली. ते हसले असते तर बरं वाटलं असतं. "उद्या सकाळीच घेऊन या," एवढंच म्हणाले.

थोरली टेबलाखालून रांगत आली. आजीचं पाऊल तिने दोन्ही तळहातांत धरलं.

"आई, माझे हात गरम आहेत. किती वेळ धरलं की आजीचा पाय पुन्हा गार होणार नाही?"