सात डागण्या

"हे काय आहे?" डॉक्टरांनी हिराच्या कानशिलाजवळ बोट नेलं.

हिरा काही बोलायच्या आत तिचा बाप, धर्माजी, खुर्चीतून पुढं सरकला. "डागन्या हायेत सायेब. मीच दिल्यात. सात."

बाजारात बैलाचे दात दाखवावेत तशा हौसेनं त्यानं तिचे केस मागं सारून दुसरं कानशीलही दाखवलं. हिराला शिसारी आली. चाळिशीची बाई मंचरच्या दवाखान्यात कॉटवर बसलेली, आणि हा माणूस तिला अजून मेंढरासारखी उलटीपालटी करत होता.

"मेंढी गरगर फिराया लागली का तिच्या डोक्याला डाग देत्यात. निम्म्या वाचत्यात. ही बारा वर्साची व्हती तवा हिला पयलं फेफरं आलं. म्हनलं, त्योच रोग."

उरलेल्या निम्म्यांचं काय होतं, ते तो सांगत नव्हता. फेफरं आलं की चुलीत विळा लाल व्हायचा, हौशीराम चुलता हिराचे पाय धरायचा आणि स्वतःच्याच जळक्या कातडीचा वास आठ-आठ दिवस तिच्या नाकातून जायचा नाही. शाळा सुटली. गावी, निमगाव सावात, तिला पाहायला एकही पाहुणा फिरकला नाही. परवा कांदा काढताना डोकं फुटेल असं दुखलं, ओकून ओकून ती सरीतच आडवी झाली, तेव्हा कुठं भावानं तिला गाडीत घातलं.

डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, जन्मापासूनचा. रक्त बारीक जाळीतून जायला हवं, ते थेट शिरेत घुसतंय. त्यानंच झटके येतात. परवा त्यातली एक शीर थोडी फुटली."

"मंग इतकी वर्सं कुनालाच कसं कळलं न्हाई?" हिरानं विचारलं.

"आतला फोटो काढल्याशिवाय कळत नाही. शंभर वर्षांमागं डॉक्टरांनाही कळत नव्हतं. गाठ समजून कवटी उघडायचे, रक्ताचा लोंढा आला की घाईनं बंद करायचे. माणसं दगावली. पण काय चुकलं ते त्यांनी लिहून ठेवलं. पुढं रक्तात औषध सोडून फोटो काढायला लागले, तेव्हा आतलं दिसलं. आता मांडीतून नळी घालून डिंकासारखं औषध सोडतात आणि गुंता बुजवतात. धोका आहे, पण करायला हवं."

म्हणजे तेही चाचपडतच होते. घरी मात्र चुकलं की विळा पुन्हा चुलीत जायचा.

हिरानं बापाकडं पाहिलं. इतकी वर्षं ती एकाच वाक्याची वाट पाहत होती. आता तरी तो म्हणेल, पोरी, माझं चुकलं.

धर्माजी डोळे बारीक करून फिल्म बघत होता. "गुंता नेमका कुठं हाय म्हनला?"

"मागच्या बाजूला. मानेच्या वर."

"आरं तिच्या!" त्यानं मांडीवर थाप मारली. "जागा चुकली व्हय! मागं द्याया पायजे व्हती."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढंच त्याला उमगलं होतं. तिला बापाची किळस आली. त्याच्या मिशांची, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांची, त्याच बोटांनी तिला लहानपणी घास भरवले होते, त्याचीही.

आरती सिस्टर ऑपरेशनसाठी पुण्याला हलवण्याच्या संमतीचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. धर्माजीनं न विचारताच अंगठा बुडवला.

"थांबा," हिरा म्हणाली. "सिस्टर, माजी मी सही केली तर चालंल ना?"

"चालेल की. शुद्धीवर आहात. पूर्ण नाव लिहा."

हिरानं सावकाश दोन अक्षरं काढली.

"ताई, वडलांचं नाव राहिलं."

"येवढंच," असं म्हणून तिनं कागद परत दिला.

धर्माजी शाईचा अंगठा वर धरून तसाच बसून राहिला. तो कुठं पुसावा, हे त्याला कुणी सांगितलं नाही.