फिल्ममधलं दातेरी चाक

दात. इवले, हिरवे, लखलखीत दात... पेन्सिलींच्या डब्यातली फिल्मची बोटभर पट्टी आज तिच्या हातून खिडकीतल्या उन्हात जरा जास्तच तिरकी धरली गेली आणि पट्टीच्या आतून चक्क कुणीतरी दात विचकले. चाक! मावशीच्या प्रयोगशाळेतलं दातेरी चाक — पण ही पट्टी तर रिकामी होती ना?

सरळ धरली, चाक गेलं. तिरकी केली, आलं.

वर्षापूर्वी त्या दिवशी लाल दिव्याच्या खोलीत मावशीनं तिच्यासाठी लेझरसमोर घोडा ठेवला होता — बुद्धिबळातला, बाबांनी स्वतः कोरलेला, एक कान तिनंच दात येताना चावून चपटा केलेला. दुसऱ्या दिवशी बाबा वेगळे राहायला जाणार, संचही नेणार. मग निदान घोड्याची होलोग्राम-छबी तरी फिल्ममध्ये राहू दे, एवढाच तर तिचा हट्ट. “श्वाससुद्धा जपून हं, ठमाबाई,” मावशी म्हणाली, “टेबल केसभर हललं तरी सगळं मुसळ केरात.” आणि नेमकं त्या शांततेत, तो कान बघून, तिला फिस्सकन हसू फुटलं... छबी उमटलीच नाही. “हसलीस ना? गेलं!” मग प्रखर दिव्याखाली पट्टी पक्की करून — “आता हिच्यात काहीच भरता येणार नाही” — मावशीनं ती तिच्या हातावर ठेवली.

म्हणजे चाक नंतरचं नव्हे. आधीचं! प्रत्येक छबी फिल्ममधलं रसायन थोडं थोडं खाते, संपलं की संपलं — हे शिकवलं कुणी? मावशीनंच. मग घोड्यासाठी उरलं काय होतं? आणि मी... मी वर्षभर वर्गाच्या फोटोंत ओठ शिवून उभी. नाटकातली धमाल भूमिका चालून आली, तर ‘मला नाही जमत’ म्हणून मोकळी!

बाबा वेगळे राहायला गेल्यापासून मावशी इथंच राहायची. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती.

“यात आधीच चाक होतं,” पट्टी पुढं करत ती म्हणाली.

मावशीनं पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. “अगं, चाचणीची होती ती. कोरी फिल्म काय झाडाला लागते? वाटलं, उरली असेल थोडी जागा.”

“मग मी हसले म्हणून गेलं, असं का म्हणालीस?”

“हसली होतीसच की तू!”

किती सहज... शेंग मोडावी तसं. स्वतःच्या चुकीबरोबर राहायची मला तर सवय झाली होती. चूक आपली, मुकाट्यानं कोपऱ्यात बसणारी. आता ती काढून घेतली, तर तिच्या जागी बसवायचं कुणाला — हिला? जिच्या कुशीत शिरून त्या रात्री मी ‘माझंच चुकलं’ म्हणत रडले, आणि जी नुसती थोपटत राहिली?

“बरं, फुगू नकोस,” मावशीचा आवाज मऊ झाला. “सकाळी बाबांचा फोन आला होता. आधी तुझंच विचारलं त्यांनी.”

दर रविवारी हे वाक्य यायचं आणि तिला आठवडाभर पुरायचं. आजही ते आलं, तसंच गोड, तसंच ऊबदार. आणि ती मावशीच्या तोंडाकडे बघत राहिली — खरं असावं, निदान एवढं तरी खरं असावं, असं मनातल्या मनात घोकत, आणि एक अक्षरही आत न घेता.