अर्जातले वाक्य

चमच्यातल्या बर्फाच्या कडा आधी विरघळल्या, मग मधला पांढरा ठिपका... हे सकाळी प्रयोगशाळेत घडले असते, तर आपण तापमान टिपले असते, असे एमेटला वाटले.

"डॉक्टरसाहेब, द्या आता, नाहीतर त्याला पाणी तरी म्हणा!" शुश्रूषागृहाच्या खाटेवर म्हातारे हालव्होर्सन तोंड उघडून वाट पाहत होते.

"माफ करा हं."

"कुठं पळायचंय आज? सारखा घड्याळाकडे बघतोयस."

"तालमीला. वाद्यवृंद सोडतोय, तेवढं सांगून यायचंय."

"वाजवतोस काय?"

"ओबो. सनईसारखं असतं."

"ते बदकासारखं ओरडतं ते? सोड, सोड! आणि इथलं?"

"इथलं चालू ठेवतोय."

"का रे बाबा? मी तर वाजतसुद्धा नाही."

एमेट हसला. सेंद्रिय रसायनशास्त्रातले गुण घसरले होते आणि काहीतरी सोडणे भाग होते. प्रवेशाच्या अर्जात इथली मरणासन्नांची सोबत वैद्यकीय महाविद्यालयांच्या नजरेत भरते, ओबो नाही, असे सल्लागारबाईंनी मृदू आवाजात सांगितले होते. पण वादनाआधी सारे वादक ओबोच्याच एका सुराशी आपापली वाद्ये जुळवून घेत—तो दीर्घ, एकटा सूर... तो त्याला आवडे, नुसताच आवडे, आणि म्हणूनच बहुधा त्या आवडीचे काय करावे हे कुणालाच कळत नव्हते.

हालव्होर्सनांनी डोळे मिटले आणि सहज, काठी धरावी तसा त्याचा हात धरला. श्वास संथ झाला. तेव्हा—'त्या क्षणी मला उमगले की, बरे करणे संपते तिथे सोबत सुरू होते...' वाक्य स्वल्पविरामासकट मनात उमटले. डॉक्टर का व्हायचे, या अर्जासोबतच्या निबंधाचे पहिलेच वाक्य. वर्षभर हुलकावणी देणारे. चांगले होते. ते घोळवत असताना त्याच्या ध्यानात आले, की म्हाताऱ्याचा हात ऊन आहे की गार, हे आपल्याला सांगता येणार नाही. हात तर हातातच होता! त्याने वाक्य पुसून पाहिले. त्याखाली दुसरे, अधिक नम्र वाक्य तयार होते. उठावे? पण उठण्याचेही वाक्य होईल, बसून राहण्याचेही...

तालीम सुरू झाली असेल. सूर दुसऱ्या कुणीतरी दिला असेल.

"अजून आहेस?" डोळे न उघडता हालव्होर्सनांनी विचारले.

"आहे," तो म्हणाला. आणि त्या शब्दापुढे अर्जासाठीचे एकही वाक्य उमटले नाही. ती रिकामी जागा त्याला अनोळखी होती. तिथे किती वेळ थांबता येते, हे त्याला माहीत नव्हते.