लाल बटणाचा धडा

कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण नव्या कामगारांना तोच शिकवायचा. शिकवायचा म्हणजे दिवे मालवून फिल्म लावायचा. चहा गार व्हायच्या आत माणूस तयार! कंपनीचे कारखाने तीन देशांत होते. इतका झटपट माणूस कुठेच तयार होत नसे.

आज मात्र मास्तरचीच परीक्षा होती. दुसऱ्या देशातल्या कारखान्याची प्रशिक्षणप्रमुख तुलना करायला आली होती, आणि समोर पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर, नव्या तुकडीत, त्याची स्वतःची लेक उभी होती.

"आमच्याकडे आधी मशीन थांबवायलाच शिकवतात," पाहुणी म्हणाली. "तिसऱ्या कारखान्यात महिनाभर जुन्या माणसाशेजारी नुसतं उभं करतात. तुमच्याकडे?"

"आम्ही डायरेक्ट चालू करायला शिकवतो. थांबवायची वेळच येत नाही."

वेळ रोज यायची. पण लाल बटण दाबलं की सगळी लाइन बंद पडे, आणि सुपरवायझर दाबणाऱ्याचं खानदान काढे. त्याला तोफखाना म्हणत ते उगाच नव्हे. फिल्ममधला बटणाचा भाग मास्तरनेच कापला होता. फिल्म उगाच लांबत होती.

तेवढ्यात पत्रा अडकला. प्रेस सावकाश वर जायची, सावकाश खाली यायची. घाई तिला नव्हती, माणसांना होती. ती वर गेली तशी लेकीने हात आत घातला. पत्रा निघेना. प्रेस खाली येऊ लागली.

"अगं, बटण दाब!" मास्तर किंचाळला.

लेकीने मान वर केली. बटणाकडे नाही, शेडच्या टोकाला उभ्या तोफखान्याकडे. परवानगीसाठी. हात आतच!

मास्तर धावला. बटण बोटांच्या टप्प्यात आलं आणि हात थबकला. त्याचीही मान तोफखान्याकडे वळली होती.

मग त्याने डोळे मिटून बटणावर मूठ हाणली. प्रेस लेकीच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबली.

"बाबा, काय केलंत हे! निघालाच होता ना पत्रा!"

"आधी हात काढ बाहेर."

पाहुणीने टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे लाइन थांबवणाऱ्याचं असंच कौतुक करत. बाकी शेडमध्ये सगळे आपापल्या मशीनमागे सरकले. तोफखान्याचे बूट जवळ येत होते.

"कोणी थांबवली रे लाइन?"

मास्तरने बटणावरची मूठ हळूच खिशात घातली.

लेकीने बापाकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"मी, साहेब."