चेक कोण शिकतं?

तन्वीला एखादी परदेशी भाषा शिकायची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणती, हे मात्र ठरता ठरत नव्हतं.

इंग्रजीला परदेशी म्हणायला ती तयार नव्हती. शाळा कॉन्व्हेंटची, स्पीच थेरपीचं शिक्षण मैसूरला. विचार इंग्रजीत, राग इंग्रजीत, देवाजवळ काही मागायचं झालं तरी तेही इंग्रजीतच. आईवडील मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि मधल्या फटी हिंदीने बुजवायची. मराठी तिला सगळी कळे, पण तोंडातून निघे ती वरणभातापुरती.

"जर्मन घे," तिचे वडील लक्ष्मीकांत म्हणत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात, आजोबा सरकारी शाळेत, अशा नोकरीपेशा घरात वाढलेला माणूस. भाषेतही त्यांना आधी पेन्शन दिसायची. "जर्मन काम देते. फ्रेंच शोभेची, स्पॅनिश सोपी. पहिली भाषा म्हणजे घरातलं पहिलं लग्न असतं, बेटा. ते नीट जमलं की पुढची आपोआप जमतात."

तन्वीलाही ते पटलं होतं. इंदौरच्या तुकोगंजात ती ज्या क्लिनिकमध्ये काम करायची तिथली फिजिओथेरपिस्ट प्रियंका संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जायची. तिच्याबरोबर तन्वी एकदा बसून आली. शिकवणं आवडलं, भाषा बरी वाटली. जूनच्या बॅचमध्ये तिने नाव घातलं. दोनेक वर्षांत परीक्षा, मग तिकडची नोकरी, असा बेत होता.

एप्रिल संपता संपता यशवर्धन नावाचे एक गृहस्थ क्लिनिकमध्ये आले. पंचेचाळिशीचे, ट्रॅक्टरच्या पार्ट्सचा धंदा, बोलणं अगदी हळू. त्यांच्या आईला पक्षाघात झाला होता. हातपाय सावरत होते, वाचा गेली होती.

"गेली म्हणजे एकदम गेली असं नाही, तन्वीजी," ते म्हणाले. "बोलते. पण मतलब काही लागत नाही. हॉस्पिटलवाले म्हणाले, अशा केसमध्ये माणूस अर्थाशिवाय बडबडतो, वक्त लगेगा. तुम्ही घरी येऊन बघाल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तन्वी त्यांच्या मनोरमागंजच्या घरी गेली. खिडकीत कूलर घरघरत होता आणि त्याच्या समोरच पलंगावर शशिकलाबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुती पातळ, कपाळाला टिकली. रंग फार गोरा आणि डोळे निळसर. घारे डोळे तन्वीने नात्यात पुष्कळ पाहिले होते, असे कधी पाहिले नव्हते.

तिने नाव विचारलं, कप दाखवला, चित्रं दाखवली. मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. शशिकलाबाई तिच्याकडे नीट बघायच्या, समजून घ्यायची धडपड करायच्या आणि शेवटी मान खाली घालायच्या. मग एकदम तिचं मनगट धरून म्हणाल्या, "ये मी झिमा."

"हेच," दारात उभी असलेली त्यांची सून इरावती म्हणाली. "दिवसभर हेच चालू असतं. 'ये' म्हणतात म्हणून आम्ही जवळ जाऊन बसतो. मग झिम्मा झिम्मा करतात. लग्न होऊन आल्या तेव्हा मंगळागौरीला त्यांच्या सासूबाईंनी त्यांना झिम्मा शिकवला होता म्हणे. तेच आठवत असेल."

यशवर्धन पुढे झाले. "आलो, आई. हा बघ, आलो." आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

झिम्मा म्हणजे काय, हे तन्वीला ठाऊक नव्हतं. मराठी असून ठाऊक नाही, हे कबूल करायची तिला लाज वाटली, म्हणून ती गप्प राहिली. पण शब्दाला अर्थच चिकटलेला नसल्यामुळे तिच्या कानांनी नुसता आवाज ऐकला, आणि त्या आवाजात 'म' एकच होता. शिवाय दर वेळी तेच तीन तुकडे त्याच क्रमाने येत होते. अर्थहीन बडबड अशी घडी घातल्यासारखी येत नाही, एवढं ती शिकली होती.

"यांची मदर टंग मराठीच ना?" तिने विचारलं.

यशवर्धननी आईकडे पाहिलं. "मराठीच म्हणा. पन्नास वर्षं इथेच आहे. पण जन्म चेकोस्लोव्हाकियातला. बाबा तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेले होते, तिथे लग्न झालं. आधीचं नाव वेरा. शशिकला इथे ठेवलं."

"मग त्या चेक बोलत असतील."

"कोणाशी बोलणार? आजी म्हणायची, पोरगं गोंधळेल. आईनेही मनावर घेतलं. दिवाळीला चकल्या करायची, आरती म्हणायची, भाजीवाल्याशी इथल्या मालवी बोलीत भाव करायची. लहानपणी कधीतरी तिच्या बहिणीचा फोन यायचा, तेव्हा ऐकलं असेल. मला एक शब्द येत नाही."

तन्वीने फोन काढला, भाषेच्या यादीत चेक शोधली आणि ऐकलं होतं तसंच, अडखळत, फोनला सांगितलं. ये मी झिमा. क्षणभरात उत्तर आलं. तिने ते दोनदा वाचलं.

"मला थंडी वाजते आहे," ती म्हणाली.

मग इरावती पळत गेली आणि तिने कूलर बंद केला. यशवर्धननी कपाटातून शाल काढून आईच्या अंगावर घातली आणि ती सारखी करण्यात बराच वेळ घालवला, कारण त्यांना मान वर करायची नव्हती. शशिकलाबाई मात्र तन्वीकडे बघत होत्या. त्यांनी काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली आणि तन्वीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

पुढच्या खेपांना फोनवर काम भागेना. आजारी माणसाचं अर्धंमुर्धं बोलणं फोनला कळत नव्हतं. त्याला पूर्ण आणि शुद्ध वाक्य लागायचं. तन्वीने चित्रांखाली चेक शब्द लिहिले, पण तिचे उच्चार ऐकून शशिकलाबाई गोंधळायच्या. एकच गोष्ट बिनचूक जमली. चेकमध्ये चहाला चायच म्हणतात, ते दोघींना एकदम कळलं आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

मेच्या शेवटी जेवताना तन्वीने घरी सांगितलं, "बाबा, जर्मनचं कॅन्सल केलं. मी चेक घेते आहे. ऑनलाइन. ब्रनोची टीचर आहे."

लक्ष्मीकांतांचा घास हातातच राहिला. "चेक कोण शिकतं? आणि हा चेक वटणार कुठे? कोटभर लोकांची भाषा ती. इंदौरात एक माणूस बोलत नाही."

"एक बोलतं."

"एका पेशंटसाठी? अगं, ती बाई बरी होईल, नाहीतर..." ते थांबले. "मग तू काय करशील त्या भाषेचं?"

"आय डोंट नो," तन्वी म्हणाली. आई सुहासिनी दोघांच्या पानात भात वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "शिकू द्या हो. जर्मनी कुठे पळून जातंय?"

प्रियंकानेही समजावून पाहिलं. जर्मन आधी शिकली असतीस तर वर्षभरात कुठल्या कुठे पोचली असतीस, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

चेकने पहिल्याच महिन्यात तन्वीला रडवलं. नाम जागेवर राहीना. वाक्यात बसलं की त्याचं शेपूट बदलायचं, आणि अशी सात शेपटं. इंग्रजीचा काडीचा उपयोग नव्हता. एका सकाळी ती वैतागून तक्ता टेबलावर टाकून बसली होती. वडिलांनी चष्मा लावून तो वाचला.

"ह्यात काय अवघड आहे? विभक्ती आहेत या. घर, घराला, घराने, घरात. तू रोज बोलतेस."

"मी बोलत नाही, बाबा. तुम्ही बोलता."

हे म्हणून गेल्यावर दोघेही थोडे अवघडले. मग लक्ष्मीकांतांनी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून सकाळी ते तिला आधी मराठी शब्द चालवून दाखवायचे आणि ती शेजारी चेक मांडायची. चेक त्यांना येत नव्हती, तरी चूक काढायची हौस दांडगी होती. मित्रांना सांगताना मात्र अजून ते 'पोरगी युरोपियन लँग्वेज करतेय' एवढंच सांगायचे.

मनोरमागंजात तिच्या चुकांचा भलताच उपयोग झाला. तन्वी चुकीचं शेपूट लावायची आणि शशिकलाबाईंना ते सहन व्हायचं नाही. शब्द आठवत नसला तरी चुकलेला शब्द त्यांना टोचायचा. "ने, ने," म्हणजे नाही, नाही, असं म्हणत त्या मान हलवायच्या आणि बरोबर शब्द ओठांवर यायचा. तन्वीने ते हेरलं. पुढे पुढे ती मुद्दामही चुकू लागली, पण मुद्दाम करण्याची गरज फारशी पडायची नाही.

ऑगस्टमध्ये यशवर्धन दुकानातून लवकर आले आणि तन्वीचं काम चालू असताना समोर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तन्वीजी, आईला एक विचाराल? मला ही भाषा का नाही शिकवली?"

तन्वीने शब्द जुळवून विचारलं. शशिकलाबाईंनी मुलाकडे पाहिलं, ओठ दोनदा हलले. मग सावकाश म्हणाल्या, "नेबिलो स किम."

"काय म्हणाली?"

"कोणी नव्हतं, म्हणतात. बोलायला कोणी नव्हतं."

"मी होतो ना," यशवर्धन म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले, ते तन्वीला कळलं नाही. आईने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. तन्वी निघताना ते दारापर्यंत सोडायला आले आणि तिच्याकडून ब्रनोच्या टीचरचा नंबर मागून घेतला.

शशिकलाबाई पूर्ण बऱ्या झाल्या नाहीत. पण चेकपाठोपाठ मराठीही तुकड्यातुकड्यांनी परत येऊ लागली: आधी माणसांची नावं, मग मीठ, पाणी, नको. यशवर्धनची चेक बेताचीच राहिली. आईला मात्र तेवढी पुरायची. तन्वीची जर्मनी लांबणीवर पडली. प्रियंका परीक्षा पास झाली तेव्हा पेढे घेऊन आली, आणि पेढा खाताना तन्वीला थोडं वाईट वाटलं, हेही खरं.

दिवाळीच्या सुमारास यशवर्धननी मावशीचा पत्ता लावला. ऐंशी वर्षांच्या त्या बाई अजून तिकडेच, ओलोमोत्स नावाच्या गावात राहत होत्या. व्हिडिओवर दोघी बहिणी समोरासमोर आल्या तेव्हा आधी नुसत्या बघत राहिल्या, मग दोघी एकदमच बोलू लागल्या. शशिकलाबाई अडायच्या, पलीकडची थांबायची, पुन्हा गाडी चालू. तन्वीला तिसरा हिस्सा कळत होता, यशवर्धनना त्याहून कमी. पण दोघे शेजारी बसून ऐकत होते.

मग मावशींनी फोनमधून थेट तन्वीला काहीतरी भरभर विचारलं. तन्वी गोंधळून बघत राहिली. शशिकलाबाई तिच्याकडे वळल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "उश... सी... येद्ला?"

आता कळलं. जेवलीस का, असं विचारत होत्या.

"येद्ला," तन्वी म्हणाली. जेवले.

तिचा उच्चार ऐकून पलीकडच्या बाई खळखळून हसल्या आणि आपल्या स्वयंपाकघरातलं भांडं उघडून त्यात काय शिजतंय ते तिला दाखवू लागल्या.