पान पासष्ट ते ऐंशी

चार ते सहा वर्षांच्या वाचकांसाठी

ही वहिनी. वहिनी पुस्तकं बांधते.

हा कागद. केवढा मोठा! वहिनीने त्याची घडी घातली. घडीची घडी घातली. तिचीही घडी घातली. झाली सोळा पानं. याला म्हणतात फर्मा.

फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते. पहिल्या फर्म्याची अगदी वर. दुसऱ्याची थोडी खाली. तिसऱ्याची आणखी खाली. सगळे फर्मे एकत्र धरले की पाठीवर काय दिसतं? जिना! जिना सलग, तर पुस्तक बरोबर. पायरी गायब, तर पुस्तक चूक.

वहिनीची पायरी तेवीस वर्षांत एकदाही गायब झाली नाही. म्हणून सगळे तिला वहिनी म्हणतात.

नाही, नाही. सगळे तिला वहिनी म्हणतात, कारण बांधणीखाना तिच्या दिराचा आहे.

एके दिवशी वहिनी चुकली. कशी चुकली? ते जरा मोठं झाल्यावर.


दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सूर्यमालेवर तीन पुस्तकं लिहिली: एक बाळगोपाळांसाठी, एक तुमच्यासाठी आणि एक मोठ्या माणसांसाठी. तिन्ही एकाच आकाराची, एकाच कागदावर छापलेली. आता प्रयोग पाहू.

साहित्य: लांब टेबल, फर्म्यांच्या थप्प्या, चहा.

कृती: सोमवारी लहानांचं पुस्तक बांधून झालं. त्याचे फर्मे पाच. पाचव्या फर्म्याच्या अकरा प्रती उरल्या, त्या टेबलावरच राहिल्या. मंगळवारी मोठ्यांचं पुस्तक घेतलं. त्याचे फर्मे आठ. वहिनीने नमुन्याची एक प्रत जुळवली, दिराने ती तपासली आणि मास्तरांना दाखवायला नेली. मग चहा आला. कपांना जागा हवी म्हणून कुणीतरी ती अकरांची थप्पी उचलून मोठ्यांच्या पाचव्या फर्म्याच्या थप्पीवर ठेवली.

निरीक्षण: पुढची अकरा पुस्तकं वहिनीने जुळवली, पाठी उजेडाकडे धरल्या आणि जिना पाहिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सलग! पानांचे आकडेही बरोबर, कारण दोन्ही पुस्तकांत पाचवा फर्मा म्हणजे पान पासष्ट ते ऐंशी.

अनुमान: जिना बरोबर होता. घर दुसऱ्याचं होतं.

विचार करा: थप्पी कुणी हलवली? (सूचना: दिराचा कप टेबलावर सगळ्यात डावीकडे होता. वहिनीने हे एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि दिराने न बोललेलं ऐकलं.)


प्रौढ वाचकांसाठी

चूक कळली ती आठवड्याने, बुधवारी. सगळ्या प्रती बांधून संपल्या आणि मोठ्यांच्या पाचव्या फर्म्याचे अकरा नग टेबलावर शिल्लक राहिले. वहिनीने ते मोजले, पुन्हा मोजले, मग खुर्ची ओढून बसली.

"भाऊजी, अकरा पुस्तकांमध्ये बाळगोपाळ शिरलेत."

भाऊजींनी एक फर्मा उलटून पाहिला. "अरे देवा. पहिला गठ्ठा. तो तर कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याकडे गेला."

"विकला गेला का?"

"बहुतेक मास्तरांचे मित्रच होते. पहिल्याच दिवशी उचलला." भाऊजींनी डोकं खाजवलं. "असं करू, एक चिठ्ठी छापू. बांधणीत चूक झाली आहे, क्षमस्व, प्रत बदलून मिळेल. खाली आपलं नाव."

"तेवीस वर्षं," वहिनी म्हणाली.

"होतं वहिनी, कुणाचंही होतं."

"कुणाचंही होतं, माझं नाही होत. मास्तर शनिवारी येणार ना? शनिवारपर्यंत मला वेळ द्या. अकराच्या अकरा या टेबलावर आणते, आणि मग मीच त्यांना सांगते. चिठ्ठी नको."

"आणि एखादी नाही मिळाली तर?"

"तर छापा चिठ्ठी. माझं नाव घाला वर, ठळक टाइपात."

पुस्तकवाल्याला सगळी गिऱ्हाइकं पाठ होती. वहिनी पिशवीत चांगल्या प्रती घालून निघाली आणि दोन दिवसांत दहा घरं पालथी घातली. प्रत्येक दारात तिने वाक्य तयार ठेवलं होतं: पासष्टाव्या पानावर जरा गोंधळ झालाय, माफ करा. कुठेही ते पुरं करावं लागलं नाही. पासष्टावं पान म्हटलं की लोक नुसते तिच्याकडे बघायचे. एका प्रतीत वाचनखूण नवव्या पानाशी होती. एकीत चौदाव्या. एक प्रत प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेरच आली नव्हती. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "पुस्तक संपूर्ण वाचलं बरं का! विशेषतः शनीवरचं विवेचन. फार सखोल."

वहिनीने जिन्यात येऊन ती प्रत उघडली. चौसष्टाव्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, "गुरूच्या उपग्रहांच्या या निरीक्षणांवरून असा निष्कर्ष काढता येतो की". आणि समोरच्या पासष्टाव्यावर: "मी शनी! माझी कडी बघ!"

तिने पुस्तक मिटलं. मास्तरांसाठी तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

अकरावी प्रत पंप दुरुस्त करणाऱ्याकडे होती. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना उघडे पंप, जमिनीवर ओल. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसली होती. वहिनीने पुस्तकाचं नाव काढताच ती हसली.

"या, या. तुम्हीच बांधलंत का ते? पंप आणतात लोक नि शनी घेऊन जातात. आल्यागेल्याला वाचून दाखवतो."

"ताई, तू गप गं." पंपवाला आतून आला. हात पुसून त्याने फळीवरून पुस्तक काढलं. त्याला सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर होतं. "एवढं जाड पुस्तक, आणि मला कळलं."

"दहावी नापास," ताईने माहिती पुरवली.

"नववी," त्याने दुरुस्त केलं. "ऐका." आणि उभ्या उभ्या त्याने वाचलं:

हा शनी. शनीला कडी आहे. कडी कशाची? बर्फाची आणि दगडांची! शनी केवढा मोठा? त्याच्या पोटात सातशे पृथ्व्या मावतील. पण शनी हलका हलका! पाण्यात टाकला तर तरंगेल. एवढी मोठी टाकी आणायची कुठून? तुमच्याकडे आहे का?

"माझ्याकडे दोन हजार लिटरची आहे," पंपवाला पुस्तकाला म्हणाला.

वहिनीने तयार वाक्य बाजूला ठेवलं. कळलं म्हणतोय तो जो भाग, तोच चार वर्षांच्या मुलांचा आहे, हे या माणसाला त्याच्या बहिणीसमोर कसं सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर पुस्तक मागायचं कसं?

"नवी प्रत आणलीय," ती म्हणाली. "बदलून देते. हिची बांधणी जरा सैल आहे."

त्याने पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून ताणलं. पाठ वाकवून पाहिली. "कुठे सैल? वहिनी, मी दिवसभर सैल झालेल्या वस्तूच बघतो. ही घट्ट आहे."

"आतून..."

"आतून काय?"

वहिनीने ताईकडे पाहिलं, ताईने पंपाकडे.

"वहिनी," पंपवाला हळूच म्हणाला, "ऐंशीव्या पानावर लिहिलंय, 'संपलं! आता हात धुऊन जेवायला बसा.' आणि एक्याऐंशीव्यावर परत आकडेमोड सुरू. मला कळत नाही होय?"

ताई एवढ्या जोरात हसली की गल्ल्यावरचे वॉशर घरंगळले.

"मग सांगितलं का नाहीत?" वहिनी.

"सांगून काय, तुम्ही घेऊन गेला असता." त्याने पुस्तक छातीशी धरलं. "पहिली चौसष्ट पानं मी कशी चढलो ते मलाच माहीत. खांद्यावर पंप घेऊन चौथा मजला. बाविसाव्या पानावर घनता, घनता, घनता. डोक्यावरून गेलं, पण थांबलो नाही. आणि पासष्टाव्यावर एकदम कुणीतरी म्हणालं, बस जरा. शनी तरंगतो बघ. मी म्हटलं, अरे! हा तर टाकीतला फ्लोट! पोकळ गोळा, वर राहतो. घनता घनता करतायत ती हीच! रोज हातात धरतो मी तिला. मग परत पहिल्या पानावर गेलो. आता बाविसावं पान विचारा."

"नका विचारू," ताई म्हणाली. "दुकान बंद करायला उशीर होतो."

"तर पुस्तक नाही मिळायचं. पण माझी सोळा पानं तुमच्याकडे राहिलीयत, ती द्या. गुरूच्या चंद्रांवरून काय निष्कर्ष काढता येतो, ते आठ दिवस लटकून राहिलंय."


शिवणाऱ्या हातांसाठी

शुक्रवारी दुपारी. पिशवीत एक फर्मा, सुई, दोरा, मेणाचा खडा, खळीची डबी. ताईने कामाच्या टेबलावरून पंपाची पाती हलवली, वर स्वच्छ गोणपाट पसरलं, त्यावर वर्तमानपत्र.

कव्हर सोडवायचं. ओढायचं नाही, कडेने ओल देत सोडवायचं. पाठीवरची खळ खरवडायची. चौथ्या फर्म्यापर्यंत दोरा तसाच ठेवायचा, पुढचा उसवायचा.

"कुठे घालू?" वहिनीने विचारलं. "आधी मोठ्यांचा की आधी लहानांचा?"

पंपवाल्याने विचार केला. एखाद्या मोटरीचा आवाज ऐकावा तशी मान तिरकी करून.

"वाक्य अर्धं राहिलंय, म्हणजे मोठ्यांचा आधी हवा," ताई म्हणाली. तिने ते कधी वाचलं, हे कुणी विचारलं नाही.

"नको. आधी लहानांचा. आधी ओळख, मग चौकशी. वाक्याला म्हणावं थांब, आठ दिवस थांबलंच आहेस."

दोरा मेणातून ओढायचा. घडीच्या आतून बाहेर, बाहेरून आत, शेजारच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून पुढे. वहिनीचे हात आपोआप चालतात, पण आज ती त्यांच्याकडे बघत होती. चुकलेला फर्मा काढण्यासाठी तिने इतरांनी बांधलेली पुस्तकं उसवली होती. चुकलेला फर्मा सुईने पक्का करायची ही पहिलीच वेळ.

शिवून झाल्यावर तिने सवयीने पाठ उजेडाकडे धरली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच. सहा, सात, आठ.

मधे दोन खुणा एकाच पातळीवर. तेवीस वर्षांत असा जिना दिसला असता, तर तिने पुस्तक रद्दीत टाकलं असतं.

"काय झालं?" पंपवाल्याने विचारलं.

"काही नाही. खळ वाळेपर्यंत उघडू नका."

"किती वेळ?"

"उद्या सकाळपर्यंत."

"घनतेवर अवलंबून असेल," तो गंभीरपणे म्हणाला. ताईने कपाळावर हात मारला.


ज्यांना सगळं आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी

शनिवारी मास्तर आले. टेबलावर दहा पुस्तकं होती.

भाऊजींनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अकरावी हरवली म्हणू. दहा काय कमी आहेत?" वहिनीने ऐकून घेतलं. भाऊजी हे मनापासून बोलत होते, कारण ती डावीकडच्या कपाबद्दल अजून बोलली नव्हती.

"मास्तर, माझ्याकडून चूक झाली," तिने सांगितलं. जिना, थप्पी, अकरा नग, सगळं. कप वगळून. "दहा परत आणल्या. अकरावी मिळाली, पण आणली नाही."

मास्तरांनी ऐकता ऐकता एकेक प्रत उघडली. वाचनखुणा कुठे कुठे होत्या ते त्यांना दिसलं. नऊ. चौदा. एकतीस. प्लॅस्टिक.

"पासष्टपर्यंत कुणीच आलं नाही?"

भाऊजी पंख्याकडे बघत होते.

"एक जण आला," वहिनी म्हणाली. "आला आणि परत पहिल्या पानावर गेला. घनता त्याला कळलीय, टाकीतल्या फ्लोटवरून. आता सोडत नाही कुणाला."

"फ्लोट?" मास्तरांनी चष्मा काढला. शाळेत छत्तीस वर्षं त्यांनी घनता शिकवली होती: लाकूड, लोखंड, बूच. ते स्वतःशीच पुटपुटले, "फ्लोट. रोज संडासात आवाज ऐकतो मी त्याचा." आणि हसायला लागले, खुर्चीत मागे रेलून.

"मग चिठ्ठी छापायची का?" भाऊजींनी विचारलं.

"कसली चिठ्ठी? वहिनी, तुमच्याकडे मोठ्यांचे ते फर्मे किती उरलेत?"

"दहा."

"आणि पुस्तकं दहा. त्याची बांधली तशी ही बांधून द्या. दोन्ही फर्मे ठेवून."

"आणि वाटायची कुणाला?"

"ज्या दहा मित्रांनी फोन करून सांगितलं की पुस्तक संपूर्ण वाचलं, फार छान आहे." त्यांनी काठी उचलली. "त्या पंपवाल्याचं दुकान कुठे म्हणालात? आमचा पंप तसा नीटच आहे. पण आवाज करतो, असं म्हणता येईल."

मास्तर गेले. वहिनीने दोऱ्याला मेण लावलं आणि पहिली प्रत उसवली. दुपारपर्यंत त्या प्रतीची पाठ शिवून झाली. भाऊजी चहाचे कप घेऊन आले, टेबलाकडे पाहिलं, आणि दोन्ही कप खिडकीत ठेवले. मग त्यांनी पुस्तक उचलून सवयीने उजेडाकडे धरलं.

"वहिनी, जिना चुकला."

"चुकला नाही, भाऊजी. तिथं जरा दम खायचा असतो."

तिने दुसरी प्रत ओढली.